अकराच्या आत, चार नंबरच्या हॉलमध्ये

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक जबाबदारी अंगावर घेतली. कुणी दिली नव्हती, म्हणूनच घ्यावी लागली.

तेवीस तारखेला, रविवारी, शहराबाहेरच्या मोठ्या प्रदर्शन-इमारतीत फुलांचं प्रदर्शन आहे. उघड्यावर नव्हे, सगळं छपराखाली. नऊ हॉल, हजारो कुंड्या. हिने पेपरातलं कात्रण फ्रिजवर चिकटवलं होतं. मी विचारलं, "जायचं का?" ही म्हणाली, "मी तर जाणारच आहे. तुम्ही आलात तर बरं वाटेल." एवढं बोलून ही कपडे वाळत घालायला गेली. बायकोच्या बोलण्यातला अर्थ ओळखायला बत्तीस वर्षांचा संसार पुरतो. तिला नियोजन हवं होतं.

मी बस डेपोत अडतीस वर्षं वेळापत्रकं केली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण हात अजून शिवशिवतात. गेल्या वर्षी बाल्कनीतल्या सात कुंड्यांना पाणी घालण्याचं वेळापत्रक केलं होतं, सकाळ-दुपार-संध्याकाळच्या पाळ्यांसकट. त्यांतल्या पाच गेल्या. ही म्हणते पाण्याने गेल्या. माझ्या मते त्या मुळातच नाजूक होत्या.

उद्या नवी वही आणायची.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मंडळी ठरली. मी, ही, हिचा धाकटा भाऊ, तळमजल्यावरच्या टेलरताई आणि कोपऱ्यावरचा औषधवाला. आश्चर्य म्हणजे एकालाही आग्रह करावा लागला नाही. औषधवाला तर म्हणाला, "यायलाच पाहिजे, साहेब. तो दिवस चुकवून कसं चालेल?" फुलांची एवढी आवड त्याच्यात असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून कधी वाटलं नव्हतं.

खरी अडचण वेळ पाळण्याची. हिच्या भावाला आम्ही घरात 'आलोच' म्हणतो, कारण फोन केला की तो "हा आलोच" म्हणतो आणि बरोबर एक तासाने उगवतो. औषधवाला उलटा. त्याला नऊ सांगा, साडेआठला येऊन तुमच्या दारात खोकत उभा राहील. टेलरताई दहा मिनिटं उशिरा, पण नेमाने.

यावर माझ्याकडे जुना उपाय आहे. प्रत्येकाला वेगळी वेळ सांगायची. सगळ्यांनी थांब्यावर जमायचं साडेआठला. म्हणून आलोचला साडेसात सांगितली, औषधवाल्याला नऊ, टेलरताईंना आठ वीस. तिघं आपापल्या खोडीप्रमाणे वागले की बरोबर साडेआठला एकत्र येतील आणि आठ चाळीसची जलद बस मिळेल. हे कुणालाही सांगायचं नाही. तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पान दुमडून ठेवलं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

हॉलवार मिनिटं ठरवली. गुलाब बावीस मिनिटं. शेवंती चौदा. ऑर्किडला अठरा दिली होती, पण त्यांचं कौतुक जरा जास्तच होतं असं माझं मत आहे, म्हणून बारा केली. चार नंबरच्या हॉलमध्ये 'घरच्या खिडकीतील कुंड्या' आहेत. घरच्या खिडकीतली कुंडी बघायला शहराबाहेर कशाला जायचं? त्याला दुपारी तीन चाळीसला दोन मिनिटं दिली.

प्रवासाचे नियमही लिहिले. एकूण नऊ. सातवा महत्त्वाचा: सर्वांनी फोन बंद ठेवायचे, म्हणजे लक्ष फुलांकडे राहील. आठवा: सर्व प्रवासी जमल्याशिवाय थांबा सोडायचा नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरात काही गोष्टी चालल्या आहेत त्या लिहून ठेवतो.

एक, माझा दाढीचा जुना ब्रश नाहीसा झाला. मला आलोचचा संशय आहे. तो परवा आला होता आणि त्याची दाढी नीट दिसत होती.

दोन, ही औषधवाल्याकडून ड्रॉपर घेऊन आली. कान दुखतो का विचारलं तर नाही म्हणाली. मी औषधवाल्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "ड्रॉपर काय कानासाठीच असतो असं नाही." मग कशासाठी, म्हटल्यावर त्याला एकदम गिऱ्हाईक आलं. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

तीन, हिचा कोट. ही रोज चार वाजता टेलरताईंकडे कोटाचं माप द्यायला जाते. मागच्या मार्चपासून. अकरा महिने रोज माप देऊन कोट तयार होत नसेल तर टेलरताईंच्या हातात कसब नाही हे उघड आहे. आज जिन्यात भेटल्या तेव्हा मी म्हटलं, "अहो, दुसरा कुणी टेलर असता तर एवढ्यात तंबू शिवून झाला असता." त्या म्हणाल्या, "काही गोष्टींना वेळ लागतो, भाऊ. रोज थोडं थोडं फिरवावं लागतं, नाहीतर एका अंगाला वाढतं." कोट एका अंगाला कसा वाढेल? नाचता येईना, अंगण वाकडं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज रंगीत तालीम घेतली. आमच्या इमारतीला पाच मजले आहेत. प्रत्येक मजल्यावरची मोकळी जागा म्हणजे एकेक हॉल धरला, खडूने आकडे घातले आणि उरलेले चार हॉल गच्चीवर. शिट्टी माझ्याकडे. एक शिट्टी म्हणजे बघायला सुरुवात, दोन म्हणजे पुढे चला.

औषधवाला तालमीला अर्धा तास आधी आला आणि एकटाच गुलाबांपासून निवडुंगापर्यंत जाऊन खाली आला. मी सुरुवात केली तेव्हा तो म्हणाला, "माझं बघून झालं." त्याला परत वर पाठवलं. टेलरताई दहा मिनिटं उशिरा. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी दार उघडून म्हणाल्या, "माझ्या दारात काय बघताय?" मी म्हटलं, "शेवंती." त्यांनी दार लावून घेतलं.

ही चार नंबरच्या मजल्यावर थांबली. दोन शिट्ट्या झाल्या तरी हलेना. भिंतीपाशी उभी राहून म्हणाली, "इथे उजेड कुठून येत असेल हो? डावीकडून आला तर बरं." मी म्हटलं, अगं ही तालीम आहे, इथे फक्त विजेचा मीटर आहे. ही हसली, पण हलली नाही. सगळ्या मंडळींचं वेळापत्रक तीन मिनिटांनी घसरलं.

तालीम संपून आम्ही खाली आलो तेव्हा आलोच फाटकातून आत आला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना हिने विषय काढला. म्हणाली, "चार नंबरचा हॉल किती वाजता?"

"तीन चाळीस. गर्दी ओसरलेली असते."

"अकराच्या आत नाही का होणार?"

मी समजावलं. चार नंबरला आधी गेलो तर एक, दोन, तीन मागे पडतात. मग पुन्हा उलटं यावं लागतं, सगळा फाफटपसारा. हिने शांतपणे ऐकून घेतलं. मग हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, बत्तीस वर्षांत मी तुम्हाला कुठलीही वेळ दिली नाही. तुम्हीच दिल्या, मी पाळल्या. ही एकच देते. अकराच्या आत, चार नंबरच्या हॉलमध्ये. बाकी दिवसभर कुठेही शिट्टी वाजवा."

आवाज चढवला नव्हता. मी शब्द दिला. अकरा म्हणजे अकरा. अडतीस वर्षांत माझ्या हाताने लिहिलेली एकही वेळ चुकलेली नाही. ड्रायव्हर चुकले, गाड्या चुकल्या, ती गोष्ट वेगळी.

नंतर सगळी वही खोडावी लागली. चार नंबरच्या हॉलला आता पंधरा मिनिटं दिली आहेत. यापेक्षा जास्त नवरा काय करू शकतो?

२० फेब्रुवारी, गुरुवार

ही दिवसभर खिडकीपाशी. आभाळ भरलं तर काळजी, ऊन पडलं तर काळजी. प्रदर्शन छपराखाली आहे हे तीनदा सांगितलं. काही उपयोग झाला नाही.

हिच्या पर्समध्ये पेन शोधताना टाचणी लावलेलं एक कार्ड दिसलं. त्यावर हिचं नाव छापलेलं होतं आणि वर 'सहभागी'. म्हणजे तिकीटच असणार. आम्हाला कागदाची साधी तिकिटं आणि हिला कार्ड! ओळखीपाळखीचे धंदे कुठे नाहीत?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फाटाफूट. ही म्हणते, ती आणि टेलरताई रविवारी सातलाच पुढे जाणार, टेलरताईंच्या पुतण्याच्या गाडीने. मी कारण विचारलं. ही म्हणाली, "टेलरताईंना गर्दी सोसत नाही." ज्या बाई बाजारात कोपराने वाट काढतात त्यांना गर्दी सोसत नाही!

मी म्हटलं, मग आम्हीही गाडीनेच येतो. ही घाईने म्हणाली, "नको, नको. गाडीत सामान आहे. हलता कामा नये असं." कसलं सामान? "कोट," दारात येऊन उभ्या असलेल्या टेलरताई म्हणाल्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

मला वाईट वाटलं हे खरं. नियोजन कुणासाठी केलं? तक्त्यातून दोघींची नावं काढली आणि रेघ नीट पट्टीने मारली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शिट्टी, वही, पेन्सिल, नकाशा. सगळं तयार. झोपण्यापूर्वी ही म्हणाली, "याल ना?" मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नाही का?" ही म्हणाली, "तुमच्यावर आहे हो." कशावर नाही ते सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी उठलो तेव्हा ही गेलेली होती. आठ पंचवीसला मी थांब्यावर. फोन बंद, सातवा नियम. साडेआठ झाले, कुणी नाही. आठ चाळीसची जलद बस आली आणि माझ्यासमोरून गेली. कंडक्टर ओळखीचा, दारातून ओरडला, "येताय का साहेब?" मी हाताने नाही म्हटलं. आठवा नियम.

बरोबर नऊला औषधवाला आला. नवा शर्ट, भांग पाडलेला. मी म्हटलं, "आज उशीर?" तो म्हणाला, "उशीर कसला? नऊ सांगितली होती. रोज आधी येतो म्हणून सगळे हसतात. आजच्या दिवशी म्हटलं काटेकोर वागू." इतक्या वर्षांची खोड त्याने नेमकी आज मोडली.

आलोचचा पत्ता नव्हता. औषधवाला म्हणाला, चला, आपण टॅक्सी करू. मी म्हटलं, एक प्रवासी यायचा आहे आणि डेपोचा माणूस टॅक्सीने जात नाही. आलोच त्याच्या रीतीप्रमाणे येईलच. तो साडेनऊलाही आला नाही. तो आला होता ठीक साडेसातला. बहिणीसाठी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आला, थांब्यावर कुणी नाही हे पाहिलं, आपल्यालाच उशीर झाला असं समजून घाबरला आणि मिळेल त्या गाडीने पुढे निघून गेला. हे मला नंतर कळलं. तोवर मी त्याची वाट बघत होतो आणि औषधवाला बूट आपटत होता.

शेवटी आठवा नियम मोडला आणि नऊ पन्नासची बस धरली. ती सगळ्या थांब्यांवर थांबणारी. तरी हिशेबाने दहा पन्नासला पोचायला हवी होती. मधल्या बाजारचौकात ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चहा घेऊ लागला. दहा वीस झाले होते.

मी खिडकीतून म्हटलं, "का हो, काय झालं?"

"काही नाही. इथे बारा मिनिटं थांबायचं असतं."

"कशासाठी?"

"मला काय माहीत? टाइमटेबलात आहे. ज्या शहाण्याने केलं त्याला विचारा. रोज लोक मला शिव्या देतात."

मला आठवलं. सहा वर्षांपूर्वी गाड्या उशिरा पोचतात अशी ओरड झाली होती, तेव्हा या चौकात मीच बारा मिनिटं घातली होती, म्हणजे कागदावर उशीर दिसू नये. त्याबद्दल माझा सत्कारही झाला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. मी खिडकी लावून घेतली.

औषधवाल्याचा धीर सुटला. म्हणाला, "साहेब, माफ करा, शपथ घातली होती, पण आता सांगतो. त्यांचं झाड आहे तिथे. चार नंबरला. स्पर्धेत. अकराला परीक्षक येणार."

"कुणाचं झाड?"

"तुमच्या घरच्यांचं! आफ्रिकन व्हायोलेट. अकरा महिने टेलरताईंच्या खिडकीत वाढवलंय. रोज चारला खाली जाऊन पाव पाव फेरा फिरवतात, गोल वाढावं म्हणून. पानांवर पाणी पडलं की डाग पडतात, म्हणून ड्रॉपरने घालतात. आणि धूळ काढायला मऊ ब्रश."

कोट, कान, आलोचची दाढी, सगळं एकेक करून डोक्यात जागेवर बसत गेलं. इतक्या जणांना माहीत होतं आणि मला नव्हतं, याचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा.

मी बसमधून उडी मारली. टॅक्सी शोधायला चौकाच्या पलीकडे धावलो, औषधवाला मागे. एकही रिकामी मिळेना. धापा टाकत परत आलो तर दहा बत्तीस झाले होते आणि बस सुटली होती. अगदी वेळेवर.

मग चालत. चालत म्हणजे अर्धं पळत. बासष्टाव्या वर्षी. फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं. आत बाणांनी एक, दोन, तीन असा मार्ग आखलेला. मी बाण सोडून गुलाबांमधून आडवा घुसलो. रखवालदार "एकेरी, एकेरी!" म्हणून ओरडला. असं मी जन्मभर इतरांना ओरडत आलो आहे.

चार नंबरच्या हॉलमध्ये टेबलांची रांग आणि त्यापुढे माणसांची रांग. टेबलामागे ही उभी होती, टाचणीचं कार्ड लावून. पुढ्यात एक जांभळं झाड. बशीएवढं गोल, पानं एकावर एक, मधोमध फुलांचा दाट झुबका. मला फुलांतलं कळत नाही, पण माझ्या तोंडून "अगं बाई" असं निघालं. शेजारी पाटी: तिसरा क्रमांक. आलोच बाजूला उभा होता. त्याने इतक्या टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे की त्याला गप्प करावं लागलं.

हिने माझ्याकडे पाहिलं. मी जलद बस, आठवा नियम, बाजारचौक, सगळं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"परीक्षक येऊन गेले?"

"अकराला. ठीक अकराला," ही म्हणाली. "तीन प्रश्न विचारले. तिन्ही सांगता आले. शेवटच्याला आवाज जरा कापला. मी दाराकडे बघत होते ना."

मला फार लाज वाटली. माझ्या नोकरीत कधी वाटली नव्हती एवढी. मी म्हटलं, "मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर याचाही तक्ता झाला असता. तुम्हाला दाखवायचं होतं आणि तुमचा हात लागू द्यायचा नव्हता. दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते वर्षभर मला सुटलंच नाही." तिचा आवाज रागाचा नव्हता. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

रांगेतली माणसं पुढे सरकत होती. एका बाईंनी तिला काही विचारलं आणि ही त्यांच्याकडे वळली. मी वही औषधवाल्याच्या हातात दिली आणि मागे मागे जात रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. शेवट हॉलच्या दाराबाहेर होता. रांग हळू चालत होती. किती वेळ लागला ते बघितलं नाही.

माझा नंबर आला. मी टेबलापासून हातभर लांब उभा राहिलो आणि म्हटलं, "बाई, मला यातलं काहीच कळत नाही. पहिल्यापासून सांगाल का?"

ही माझ्याकडे बघत राहिली. आलोच काहीतरी बोलणार होता, टेलरताईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

"हात लावायचा नाही," ही म्हणाली.

"नाही लावणार."

मग तिने सांगायला सुरुवात केली. एकच पान होतं, मैत्रिणीकडून रुमालात गुंडाळून आणलेलं. पहिले दोन महिने काहीच उगवलं नाही. रोज खाली जायची, बघायची आणि परत यायची. एकदा सगळं टाकून द्यायला निघाली होती, तेव्हा मातीतून नखाएवढं काहीतरी वर आलेलं दिसलं. सांगताना तिचे हात हलत होते आणि ती दाराकडे बघत नव्हती. मागे रांग खोळंबली. कुणीतरी वैतागून म्हणालं, "अहो काका, चला ना पुढे, आम्हालाही बघायचंय."

मी सवयीने पुढे सरकायला लागलो, तर हिने त्या माणसाला हाताने थांबवलं.

"जरा थांबा," ती म्हणाली, "यांचं अजून बघून व्हायचंय."